कानशिलावरचा पहारा

इटलींतील तुरीन शहरीं अँजेलो मोस्सो नांवाचे शरीरशास्त्राचे एक प्राध्यापक होऊन गेले. बर्तिनो नांवाच्या एका शेतकऱ्याच्या डोक्यावर वीट पडून त्याच्या कवटीला भोंक पडलें होतें. जखम भरून आली, वरची कातडी सांधली. पण हाड कांहीं भरलें नाहीं. त्या मऊ जागेखालीं मेंदू नाडीसारखा उडतांना स्पष्ट दिसे. मोस्सो यांनीं त्या जागेवर एक उपकरण बसवून ही हालचाल फिरत्या कागदावर उमटविण्याची सोय केली आणि बर्तिनोला तोंडी गुणाकार घातला. गुणाकार सुरू होतांच कागदावरच्या लाटा उंचावल्या. हाताच्या नाडींत मात्र तसा फरक दिसेना. चर्चच्या घंटा वाजूं लागल्या तेव्हांही तोच प्रकार झाला. या प्रयोगांचा वृत्तांत १८८० सालीं प्रसिद्ध झाला. माणूस जागा आहे, बोलतो आहे, विचार करतो आहे, आणि त्याच वेळीं त्याच्या मेंदूंतील रक्ताची भरती-ओहोटी बाहेरून टिपली जात आहे, असें दाखविणाऱ्या अगदीं आरंभीच्या प्रयोगांपैकीं हा एक होय. मात्र त्यासाठीं आधीं एका माणसाची कवटी फुटावी लागली!

कवटी न फोडतां तेंच पाहावयाचें, आणि घटकाभर नव्हे तर रात्रंदिवस पाहावयाचें, या खटपटीची ही हकीकत आहे.

मेंदूचें वजन शरीराच्या वजनाच्या शेंकडा दोन एवढेंच. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकीं शेंकडा वीसच्या आसपास वांटा तो एकटा घेतो. दर मिनिटाला सुमारें पाऊण लिटर रक्त त्याच्याकडे जातें. ज्या घरीं धान्याची कणगी भरलेली असते, तेथें बाजार चार दिवस बंद राहिला तरी चूल पेटते. मेंदूच्या घरीं कणगी नाहीं. रक्त पूर्णपणें थांबलें तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते आणि कांहीं मिनिटांत पेशी मरूं लागतात. पण थोडथोडा पुरवठा कमी होत गेला, तर मात्र अनर्थ एकदम ओढवत नाहीं. निरोगी माणसांत मेंदूच्या दर १०० ग्रॅम भागाला मिनिटाला सुमारें ५० मिलिलिटर रक्त मिळतें. तें २० च्या खालीं उतरलें, कीं पेशी आपलें काम बंद ठेवतात. हात उचलत नाहीं, शब्द सुचत नाहीं. तरीही पेशी मेलेल्या नसतात. त्या दुष्काळांतल्या झाडासारख्या पानें गाळून तग धरून असतात. काम बंद पडलें आहे पण जीव शिल्लक आहे, असा जो हा मधला अवधि, तेवढाच काय तो वैद्याच्या हातीं असतो. तो तासांनीं मोजावयाचा असतो, आणि पुष्कळदां तो कोणाच्या लक्षांत येण्यापूर्वींच संपून जातो.

मनगटाची नाडी कोणालाही लागते. छातीला नळी लावून हृदयाचे ठोके ऐकतां येतात. मेंदू मात्र निसर्गानें हाडाच्या पेटींत बंद करून ठेवला आहे. फिलाडेल्फियांत सेमूर केटी व कार्ल श्मिट यांनीं १९४५ सालीं एक युक्ति काढली. रुग्णाला हास्यवायु हुंगावयाला द्यावयाचा, मेंदूकडे जाणाऱ्या आणि मेंदूकडून परतणाऱ्या रक्ताचे नमुने सुयांनीं काढावयाचे, आणि दोहोंतील वायूच्या फरकावरून मेंदूनें किती रक्त घेतलें त्याचा हिशेब मांडावयाचा. आज आपण मेंदूच्या रक्तपुरवठ्याचे जे आंकडे सांगतों, त्यांचा पाया या पद्धतीनें घातला. परंतु मानेच्या खोल शिरेंत सुई खुपसून, दहा मिनिटें खपून, हातीं येई तो साऱ्या मेंदूचा मिळून एक सरासरी आंकडा. त्यानंतर पांच मिनिटांनीं काय झालें, हें पाहावयाचें तर सारा खटाटोप पुन्हां करावयाचा.

वाट सांपडली ती ध्वनीच्या मार्गानें. येथें थोडें मागें जाणें अवश्य आहे. १८४२ सालीं प्राग येथें ख्रिस्तियान डॉप्लर यांनीं जोडतारकांच्या रंगांविषयीं एक निबंध वाचला. जवळ येणाऱ्या वस्तूकडून निघणाऱ्या लहरी दाट होतात, दूर जाणाऱ्या वस्तूच्या विरळ होतात, आणि म्हणून ताऱ्यांचे रंग निरनिराळे दिसतात, असें त्यांचें म्हणणें. ताऱ्यांच्या रंगांचें हें कारण चुकीचें ठरलें. पण त्यामागचा नियम खरा ठरला. तीन वर्षांनीं हॉलंडांत बॉइस बॅलट यांनीं आगगाडीच्या डब्यावर तुतारीवाले बसविले, रुळाच्या कडेला सुरांची पारख असलेले लोक उभे केले, आणि गाडी येतांना सूर चढतो व जातांना उतरतो हें कानांनीं पडताळून पाहिलें. स्टेशनावरून न थांबतां धडाडत जाणाऱ्या मेलच्या शिटीचा सूर फलाटावरच्या प्रत्येकानें असा पडलेला ऐकलेला असतो. रक्तांतील तांबड्या पेशी याच आगगाडीच्या डब्यांप्रमाणें होत. त्यांच्यावर ध्वनि सोडला, तर परतणारा प्रतिध्वनि पेशींच्या वेगाच्या मानानें चढलेला किंवा उतरलेला येतो, आणि त्या फरकावरून वेग काढतां येतो.

हा ध्वनि मात्र माणसाच्या कानाच्या पलीकडला. विशिष्ट स्फटिकांवर दाब दिला, कीं त्यांत विद्युत् उत्पन्न होते, हें पिएर व झाक क्युरी या बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. त्याच्या उलट, विद्युत् दिली कीं तो स्फटिक कांपूं लागतो व ध्वनि सोडतो. तोच स्फटिक बोलतो आणि तोच ऐकतो. पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या पॉल लांजेव्हँ यांनीं पाणबुड्या हुडकण्यासाठीं हीच विद्या कामाला लावली. आज ज्या तपासणीला घरोघर सोनोग्राफी म्हणतात, तिचें मूळ येथें आहे.

पण कवटीनें या विद्येलाही फार दिवस दाद दिली नाहीं. ऑस्ट्रियांतील कार्ल डुसिक यांनीं १९४२ सालीं डोक्याच्या एका बाजूनें ध्वनि सोडून दुसऱ्या बाजूला तो टिपला आणि मेंदूच्या पोकळ्यांचीं चित्रें मिळालीं असें प्रसिद्ध केलें. दहाएक वर्षांनीं असें सिद्ध झालें, कीं त्या चित्रांतील आकृति मेंदूच्या नव्हत्याच. कवटीच्या जाडीपातळपणामुळें ध्वनि कमीअधिक अडला, त्याच्या त्या सावल्या होत्या. पेटींतला दागिना पाहावयास गेलें आणि पेटीवरची नक्षीच पाहून परत आलें, असा तो प्रकार. १९५० नंतरच्या दशकांत जपानमधील ओसाका येथें शिगेओ सातोमुरा यांनीं डॉप्लरच्या नियमावर हृदयाची व पुढें मानेंतील रक्तवाहिन्यांची तपासणी करून दाखविली. मानेपर्यंत ध्वनि पोंचला. पण कवटीच्या आंत त्याला बरींच वर्षें वाट मिळाली नाहीं.

ती वाट १९८२ सालीं मिळाली. नॉर्वेचे रूने आस्लिड आणि त्यांचे सहकारी यांनीं त्या वर्षीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांतील कल्पना ऐकावयाला अगदीं साधी वाटते. कवटी सगळीकडे सारखी जाड नाहीं. श्रोत्यांनीं आपलें बोट डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानाकडे न्यावें. गालाच्या हाडाची कमान लागते, तिच्या किंचित् वर, कानाच्या पुढें जो सखल भाग आहे तें कानशील. तेथलें हाड पातळ असतें. दुसरें असें, कीं ध्वनीचीं कंपनें जितकीं अधिक तितका तो हाडांत अधिक शोषला जातो. नेहमींच्या सोनोग्राफींत चित्र रेखीव यावें म्हणून कंपनें जास्त ठेवतात. आस्लिड यांनीं तीं उतरवून सेकंदाला २० लक्षांवर आणलीं. चित्राचा रेखीवपणा गेला. पण ध्वनि हाडांतून आंत गेला, सुमारें पांच सेंटिमीटर खोल असलेल्या मेंदूच्या मधल्या धमनीवर आपटला आणि परत आला. निरोगी माणसांत त्या धमनींतील रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला ६२ सेंटिमीटर भरला.

या आंकड्यांत एक मौज आहे, आणि नभोवाणीच्या श्रोत्यांना ती विशेष पटावी. सोडलेला ध्वनि सेकंदाला २० लक्ष कंपनांचा, म्हणजे कोणालाच ऐकूं न येणारा. परतलेला ध्वनिही तसाच. पण दोहोंमधला फरक, रक्ताचा वेग ६२ सेंटिमीटर असतां, सेकंदाला सुमारें १६०० कंपनांचा निघतो; आणि हा सूर माणसाच्या कानाच्या अगदीं आवांक्यांतला. म्हणून या यंत्राला कर्णा जोडला, कीं मेंदूंतील रक्त चक्क ऐकूं येतें. प्रत्येक ठोक्याबरोबर वाऱ्याच्या झोतासारखा एक सूं सूं असा सूर चढतो आणि ओसरतो. जाणता तंत्रज्ञ पडद्याकडे पाहण्यापूर्वीं कानानेंच सांगतो, कीं धमनी नीट सांपडली आहे कीं नाहीं.

मात्र वेग म्हणजे पुरवठा नव्हे. आणि या विषयांत सुशिक्षितांचीही फसगत होते ती येथेंच. बागेला पाणी घालतांना रबरी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला, कीं धार जोरानें लांब उडते. म्हणून कांहीं झाडांना पाणी अधिक मिळत नाहीं, कमीच मिळतें. रक्तवाहिनी आकसली, कीं तेथून जाणारें रक्त वेगानें धांवतें आणि पलीकडचा मेंदू तहानलेला राहतो. म्हणून डॉप्लरचा चढलेला आंकडा ही पुष्कळदां शुभवार्ता नसून धोक्याची घंटा असते. उलट, ताप किंवा पंडुरोग असला तर नळी न आकसतांही वेग वाढतो. हा घोटाळा सोडविण्यासाठीं मानेंतील धमनीचा वेगही मोजतात. दोन्हींकडे सारखाच चढला असेल तर साऱ्या शरीराचा प्रवाहच जोरांत आहे. पण मेंदूंतला वेग मानेंतल्या वेगाच्या तिपटीहून अधिक झाला, तर नळी आकसली असें धरावयाचें. या गुणोत्तराला लिंडेगार्ड या नॉर्वेजियन डॉक्टरांचें नांव आहे.

नळी अशी आकसते ती केव्हां? मेंदूच्या तळाशीं असलेल्या धमनीला कधीं कधीं एखादा फुगा आलेला असतो. तो फुटला, कीं रक्त मेंदूच्या आवरणाखालीं पसरतें. रुग्णाला जन्मांत कधीं झाली नसेल अशी डोकेदुखी होते आणि कित्येकांचा तेथेंच अंत होतो. जे वांचतात, त्यांचा फुगा शस्त्रक्रियेनें अथवा रक्तवाहिनींतून तार सरकवून बंद करतात. रुग्ण शुद्धीवर येतो, घरच्या माणसांना ओळखतो, दोन घोट चहा घेतो. सर्वांना वाटतें, संकट टळलें. खरें पाहतां दुसरें संकट अजून यावयाचें असतें. चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत केव्हांही, सांडलेल्या रक्ताच्या क्षोभानें मेंदूच्या धमन्या आकसूं लागतात, आणि दर तीन-चार रुग्णांमागें एकाच्या मेंदूला त्यामुळें रक्त कमी पडून नवी इजा पोंचते. डॉप्लरवर वेग १२० च्या वर जाऊं लागला म्हणजे डॉक्टर सावध होतात. २०० च्या वर गेला म्हणजे आकुंचन तीव्र समजतात. वेळींच कळलें तर रक्तदाब वाढवितां येतो, औषध थेट धमनींत सोडतां येतें, बारीक फुग्यानें ती रुंद करतां येते. उपाय आहेत; अट एवढीच, कीं मधल्या अवधींत कळलें पाहिजे.

आणि तेथेंच गाडी अडते. उत्तम रुग्णालयांतही डॉप्लरची तपासणी बहुधा दिवसांतून एकदां होते. तंत्रज्ञ सकाळीं येतो, कानशिलावर जेली लावून अर्धा तास खपतो, आंकडे लिहितो आणि दुसऱ्या खाटेकडे जातो. सकाळीं दहाला वेग ९० होता. आकुंचन सुरू झालें रात्रीं अकराला. पहांटे चारला रुग्ण झोपला आहे कीं त्याची शुद्ध मंदावली आहे, हें उशाशीं बसलेल्या माणसाला कळत नाहीं. औषधानें गुंगींत ठेवलेल्या रुग्णाच्या बाबतींत तर डॉक्टरलाही कळत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं डावा हात लुळा पडलेला आढळतो. रखवालदारानें दिवसांतून एकदां फेरी घातली आणि चोरी रात्रीं झाली, तर दोष रखवालदाराच्या दृष्टीचा म्हणावयाचा कीं फेऱ्यांच्या संख्येचा? मेंदूच्या डॉप्लरविषयीं जे वाद चालतात त्यांत यंत्राच्या अचूकपणाचीच चर्चा फार होते. वस्तुतः पहाऱ्यांतील खंड हीच तिची मोठी उणीव आहे.

१९९० सालीं मेरिल स्पेन्सर यांनीं मानेंतील धमनीची शस्त्रक्रिया चालूं असतां कानशिलावर डॉप्लर लावून ठेवला, तेव्हां रक्ताच्या नेहमींच्या सुरांत मधून मधून चिवचिवाटासारखे तुटक आवाज ऐकूं आले. ते मेंदूकडे वाहत चाललेल्या सूक्ष्म गुठळ्यांचे आणि हवेच्या बुडबुड्यांचे होते. असा आवाज सेकंदाचा कांहीं अंशच टिकतो. जो त्या क्षणीं ऐकत नसेल, त्याच्या दृष्टीनें ती गुठळी कधीं गेलीच नाहीं.

मग यंत्र सतत लावून कां ठेवीत नाहींत, असें कोणी विचारील. कारण तें हातावर अवलंबून आहे. कानशिलावरची ही खिडकी नाण्याएवढी, आंतली धमनी काडीएवढी, आणि ध्वनीचा झोत पेन्सिलीएवढा. हात किंचित् कलला कीं धमनी सुटते. झोत आणि रक्ताची दिशा यांत ६० अंशांचा कोन पडला, तर वेग निम्माच दिसतो. ही सफाई यावयाला महिनोगणती शिकावें लागतें. यंत्र डोक्यावर पट्ट्यांनीं आवळून ठेवण्याचे प्रयोग झाले, त्यासाठीं शिरस्त्राणासारखीं साधनें निघालीं. पण रुग्णानें कूस बदलली कीं तीं सरकतात, आणि तासन् तास कपाळावर दाब सोसणें जागृत रुग्णाला नकोसें होतें.

अलीकडच्या कांहीं वर्षांतील नवें पाऊल आहे तें या हाताच्या जागीं एक पातळ पट्टी आणण्याचें. २०२२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यासंस्थेच्या संशोधकांनीं कातडीला चिकटून ४८ तास शरीराच्या आंतील चित्रें देणारी सोनोग्राफीची चकती प्रसिद्ध केली. तींत हृदय, फुप्फुसें, जठर दिसत होतीं. कवटीचा प्रश्न निराळा होता. २०२४ च्या मे महिन्यांत कॅलिफोर्नियांतील सॅन दिएगो येथील विद्यापीठांत शेंग शू यांच्या मार्गदर्शनाखालीं काम करणाऱ्या मंडळींनीं कानशिलावर बसणारी पट्टी जाहीर केली. ती सिलिकोनची, ताणली जाणारी, आकारानें पोस्टाच्या तिकिटाएवढी. तिच्या पोटांत ध्वनि सोडणाऱ्या व ऐकणाऱ्या सूक्ष्म स्फटिकांची जाळी आहे, आणि शरीरांतून व आसपासच्या यंत्रांतून येणारा विद्युत् गोंगाट अडविण्यासाठीं स्प्रिंगसारख्या वळणांच्या तांब्याच्या तारांचा एक थर आहे.

तिची खरी करामत मात्र आकारांत नाहीं. नेहमींची सोनोग्राफी सेकंदाला तीसएक चित्रें घेते; ही पट्टी हजारों घेते. पेन्सिलीएवढा झोत एका धमनीवर रोखण्याऐवजीं ती ध्वनीच्या पसरत्या लाटा आंत सोडते, परतलेल्या प्रतिध्वनींतून रक्तवाहिन्यांच्या साऱ्या जाळ्याची लांबी-रुंदी-खोली असलेली आकृति गणकयंत्राकडून जुळविते, आणि तींतील हव्या त्या धमनीवर मग लक्ष ठेवते. धमनी कोठें आहे व तिचा कोन काय आहे, हें आतां आकृतीवरूनच कळतें. तंत्रज्ञाच्या मनगटांतलें कसब पट्टींत उतरविण्याचा हा प्रयत्न आहे. ३६ निरोगी स्वयंसेवकांवर ती लावून पाहिली. त्यांना मूठ आवळावयास सांगितलें, श्वास रोखावयास सांगितलें, वाचावयास दिलें. श्वास रोखला कीं रक्तांत कार्बन डायऑक्साइड सांठतो, त्यानें मेंदूंतील बारीक वाहिन्या रुंदावतात आणि मोठ्या धमन्यांतील वेग चढतो. पट्टीनें हे चढउतार टिपले, आणि तिचे आंकडे हातांत धरावयाच्या नेहमींच्या यंत्राच्या आंकड्यांशीं जुळले. बर्तिनोच्या गुणाकारानें फुटक्या कवटींतून जें दाखविलें, तें आतां सबंध कवटीच्या वाचकाकडून दिसूं लागलें.

वर्तमानपत्रांतील मथळे वाचून मात्र कोणी असें समजूं नये, कीं उद्यां ही पट्टी औषधाच्या दुकानीं मिळेल. त्या प्रयोगांतील ३६ ही माणसें निरोगी होतीं. फुगा फुटलेल्या, गुंगींत असलेल्या रुग्णावर दहा रात्री ती टिकते कीं नाहीं, आणि टिकली तर तिच्यामुळें एखादा हात लुळा पडावयाचा वांचतो कीं नाहीं, हें त्यावरून ठरत नाहीं. पट्टीला जोडलेल्या तारा अजून मोठ्या यंत्रापर्यंत जातात. शिवाय खिडकीचा प्रश्न शिल्लक आहेच. शंभरांपैकीं दहा ते वीस माणसांच्या कानशिलाचें हाड इतकें जाड असतें, कीं ध्वनि पुरेसा आंत जातच नाहीं. आणि त्यांत वयस्क स्त्रियांची संख्या अधिक असते. पट्टी कितीही मऊ झाली तरी हाड मऊ होत नाहीं.

ध्वनि अगदीं निरुपद्रवी असतो, असेंही सरसकट म्हणतां येत नाहीं. हाड ध्वनि शोषतें म्हणजे तें तापतें. अर्ध्या तासाच्या तपासणींत जो प्रश्न उद्भवत नाहीं, तो चोवीस तासांच्या पहाऱ्यांत उद्भवतो. म्हणून जोर मर्यादेंत ठेवावा लागतो, आणि जोर कमी म्हणजे आंकडा अस्पष्ट, अशी ओढाताण चालते. गुठळी विरघळविण्याच्या औषधाला मदत म्हणून फार कमी कंपनांचा ध्वनि मेंदूंत सोडण्याचा एक प्रयोग जर्मनींत झाला. त्यांत मेंदूंतील रक्तस्राव वाढले, तो अर्ध्यावर थांबवावा लागला, आणि २००५ सालीं तसें प्रसिद्ध झालें. तो ध्वनि निराळा व हेतूही निराळा, हें खरें. तरी पहारा बसवितांना ही हकीकत लक्षांत ठेवलेली बरी. आणि पहाऱ्याची आणखी एक अट आहे. यंत्र रात्रीं तीन वाजतां ओरडलें, तर ऐकून धांवणारें माणूस जागें हवें. दहा वेळां उगाच ओरडलें, तर अकराव्या वेळीं कोणी धांवत नाहीं. अतिदक्षता विभागांत ज्यांनीं एक रात्र काढली आहे, त्यांना तेथल्या घंट्यांचा हा अनुभव सांगावयास नको.

या साऱ्याचा महाराष्ट्राशीं एक अगदीं जवळचा संबंध आहे, आणि तो शहरांतील अतिदक्षता विभागापुरता नाहीं. विदर्भांत, तसेंच नंदुरबारकडच्या डोंगराळ भागांत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरांत ठाऊक आहे. तांबडी पेशी विळ्यासारखी वांकते, ताठरते आणि बारीक वाहिन्यांत अडकते. या आजाराच्या मुलांना लहान वयांतच पक्षाघात होण्याचें भय असतें. अमेरिकेंत रॉबर्ट अॅडम्स यांनीं अशा मुलांच्या कानशिलावर डॉप्लर लावला आणि ज्यांच्या धमन्यांत वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक आढळला, अशा १३० मुलांचे दोन गट केले. एका गटाला नियमित रक्त चढविलें, दुसऱ्याला नेहमींचे उपचार दिले. १९९८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: नेहमींच्या उपचारांच्या गटांतील ११ मुलांना पक्षाघात झाला, रक्त चढविलेल्या गटांत एकाला. फरक इतका ठळक, कीं चांचणी मुदतीपूर्वींच थांबवून सर्वांना रक्त देऊं केलें. दिसावयाला धडधाकट, शाळेंत जाणाऱ्या मुलाच्या कपाळावर कोणतें संकट लिहिलें आहे, हें एका ध्वनियंत्रानें आधीं वाचून दाखविल्याचें एवढें स्पष्ट उदाहरण वैद्यकांत क्वचितच मिळेल.

भारतांतील सिकलसेल आफ्रिकेंतल्याहून पुष्कळदां सौम्य असतो, असें मानतात. पण मध्य भारतांत तीव्र आजाराचे रुग्णही आढळतात, आणि तेव्हां आईबापांपुढें प्रश्न तोच उभा राहतो. २०२३ च्या १ जुलैला मध्य प्रदेशांतील शहडोल येथें केंद्र सरकारनें सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिचा भर रक्ताच्या तपासणीवर, म्हणजे आजार कोणाला आहे हें हुडकण्यावर आहे. ज्यांना आहे, त्यांपैकीं कोणाचा मेंदू धोक्यांत आहे, हा त्यापुढला प्रश्न. त्यासाठीं दोन ते सोळा वर्षांच्या मुलाची वर्षांतून एकदां डॉप्लर व्हावयास हवी. येथें चोवीस तासांच्या पहाऱ्याची गरज नाहीं; अर्धा तास पुरतो. गरज आहे ती त्या अर्ध्या तासाला लागणाऱ्या सराईत हाताची, आणि गडचिरोलीच्या आंतल्या गांवाहून मूल घेऊन निघालेल्या बापाला तो हात नागपूरच्या अलीकडे सहसा भेटत नाहीं. पट्टी स्वतःच धमनी शोधूं शकली, आणि तिच्या तारांच्या टोकाचें मोठें यंत्र तालुक्याच्या रुग्णालयांत नेतां येईल इतकें लहान व स्वस्त झालें, तर तिचा सर्वांत मोठा उपयोग कदाचित् अशा मुलांनाच होईल. मुलांच्या कानशिलाचें हाड मोठ्यांच्यापेक्षां पातळ असतें, ही गोष्टही तिच्या बाजूची आहे. मात्र २०० चा जो आंकडा अॅडम्स यांनीं ठरविला, तो हातांत धरलेल्या जुन्या यंत्राचा आहे. पट्टीच्या मापानें तो किती धरावा, हें सिकलसेलच्या मुलांवरच पडताळून पाहावें लागेल. २०२४ च्या त्या ३६ जणांत सिकलसेलचा रुग्ण कोणी नव्हता.